भांडल्याशिवाय दोर हलत नाय

सासू भांडत नाही म्हणून रडणारी सून कधी कुणी बघितली आहे का? रत्नागिरीकडच्या नाटे गावात होती एक. मनिषा तिचं नाव, आणि तिचं दुःख ऐकून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. माहेरी फोन करून सांगावं तर आई म्हणायची, "बये, देवापुढे दिवा लाव. माझी सासू चिपळुणात ओरडली की मला पोफळीत ऐकू यायचं."

पण मनिषाचंही काही खोटं नव्हतं. तिची सासू गोदूबाई मुळातच गरीब स्वभावाची असती तर गोष्ट वेगळी. गोदूबाई नाट्याच्या बंदरावर मासे विकायची आणि तिच्या तोंडाला सुट्टी म्हणून ठाऊक नव्हती. ती होडीवाल्यांशी भांडायची, बर्फवाल्याशी भांडायची, मांजरांशीसुद्धा भांडायची. शेजारच्या टोपलीवर बसणाऱ्या मासूमाशी तर रोज, अगदी नेमाने. त्या दोघींची घरंही एकमेकींना लागूनच. मासूमाचा नवरा हारुन कुवेतला होता, तेव्हा तिच्या पोरांना कितीदा गोदूबाईने जेवू घातलं होतं. गोदूबाईचा नवरा गेला, तेव्हा मासूमा महिनाभर तिच्या दारातून हलली नव्हती. म्हणे तेव्हाही दोघी भांडतच होत्या.

आणि हीच गोदूबाई घरात पाऊल टाकलं की सुनेशी कशी बोलायची? "मनिषाबाय, तुमी बसा, मी करतंय." "मनिषाबाय, तुमाला उकडत नाय ना?" कारण काय, तर मनिषाचे वडील पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते. ते तिथे मशीनवरचे साधे कामगार, हे मनिषाने शंभरदा सांगून बघितलं. गोदूबाईचं आपलं एकच, "वीज बनवणारा माणूस तो! सायेब नाय तर काय?" झालं. सायबाची लेक म्हणजे पाहुणी, आणि पाहुणीला कुणी शिव्या घालतं का?

एकदा मनिषाच्या विसराळूपणाने अंगणातले सुके बांगडे अख्खेच्या अख्खे पावसात भिजले. तिला वाटलं, आज तरी. गोदूबाईने बांगड्यांकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, एक मोठा आवंढा गिळला आणि म्हणाली, "असूं दे हां, होतं असं." मग बाहेर जाऊन मासूमाशी पोटभर भांडून आली. मनिषा न्हाणीघरात जाऊन रडली. लग्नाला पाच वर्षं झाली होती. या घरात आपल्याला कुणीतरी हक्काने ओरडावं, एवढंच तिला हवं होतं. जास्त काही मागत होती का ती?

त्या वर्षी रत्नागिरीच्या महोत्सवात बायकांची रस्सीखेच ठेवली. भाट्याच्या किनाऱ्यावर स्पर्धा, आठ जणींचा संघ, जिंकणाऱ्याला ढाल आणि प्रत्येकीला बर्फाची मोठी पेटी. पेटीचं नाव निघालं आणि नाट्याच्या मासळीवाल्या उठून उभ्याच राहिल्या. पुन्हा दोर ओढणं त्यांना काय नवं? किनाऱ्यावर रापण लागली, की ते लांबच लांब जाळं समुद्रातून ओढून काढायला या बायका लहानपणापासून जात आलेल्या. फक्त शिकवायला कुणीतरी हवं, असं मासूमाला वाटलं. तिने बोट दाखवलं मनिषाकडे. "ही खो-खोत जिल्ह्याला खेळलीय. हिच्याकडे शिट्टीपण हाय."

मनिषाला आभाळ ठेंगणं झालं. तिला वाटलं, आता आपण यांच्यातल्या होणार.

पहिल्या दिवशी तिने बायकांना किनाऱ्यावर उभं केलं. सगळ्यात पुढे मासूमा, तिच्यामागे तिची सून महरीन, मग बाकीच्या, आणि सगळ्यात मागे, दोर कमरेला टेकवून, गोदूबाई. समोर नितेशच्या, म्हणजे मनिषाच्या नवऱ्याच्या होडीवरची पोरं. शिट्टी वाजली आणि जे काही सुरू झालं ते बघून मनिषाने कपाळाला हात लावला. एक बाई गप्प असेल तर शपथ! मासूमा पुढून ओरडतेय, "गोदू, झोपलीस काय गो?" गोदूबाई मागून ओरडतेय, "तूच झोपलीस, जल्लं तुझं लक्षण! कोपर बघ कसं लोंबतंय!" मधल्या सहाजणी दोघींना आणि एकमेकींना. त्या गोंधळात पोरं कधी ओढली गेली हे पोरांनाही कळलं नाही.

जिंकल्या. पण मनिषाला तो विजय दिसलाच नाही, तिला दिसली ती फक्त बेशिस्त. तिच्या खो-खोच्या सरांचं वाक्य होतं, की संघात फूट पडली की खेळ संपला. तिने शिट्टी वाजवली आणि नियम सांगितला. "दोर हातात असताना कुणी बोलायचं नाही. भांडायचं तर मुळीच नाही. आपण सगळ्या एक आहोत."

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर बायकांनी तिची चटणी केली असती. पण सांगत होती सायबाची लेक. गोदूबाईने मान डोलावली, "तुमी म्हणाल तसं, मनिषाबाय," आणि गोदूबाई गप्प म्हटल्यावर बाकीच्यांची काय टाप! सगळ्या शहाण्यासारख्या गप्प झाल्या. "महरीन, जरा सरकतेस का?" "हो, सरकते ना." इतक्या गोड की मुंग्या लागाव्यात.

दुसऱ्या दिवशी त्याच पोरांनी त्यांना फरफटत नेलं. तिसऱ्या दिवशीही तेच. मनिषा म्हणाली, नवीन पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतो. मासूमाचे ओठ शिवल्यासारखे घट्ट झाले होते. सराव संपला की ती धावत बंदरावर जायची आणि तिथे गोदूबाईची वाट बघत बसायची. टोपल्या मांडल्या रे मांडल्या की दोघींचा बांध फुटायचा. पण दोर हातात घेतला की पुन्हा चिडीचूप.

स्पर्धेच्या दिवशी सगळ्या टेम्पोतून निघाल्या. वाटेत पावस गाव लागलं, तेव्हा बायका बागांकडे बघून जरा गंभीर झाल्या. पावसच्या आंबाबागांत काम करणाऱ्या बायकांचा संघ यंदा जोरात आहे, असं ऐकलं होतं. पेट्या उचलून उचलून त्यांचे दंड म्हणजे नुसते ओंडके.

भाट्याला पोचल्यावर नशीब मात्र जोरावर निघालं. पहिल्या फेरीतला संघ आलाच नाही. दुसऱ्या फेरीत समोर आल्या रत्नागिरीतल्या एका भिशी मंडळाच्या बायका. त्यांनी दोर धरला, एकमेकींचे फोटो काढले, आणि हसता हसता आपणहून वाळूत बसल्या. म्हणजे एक थेंब घाम न गाळता नाटे अंतिम फेरीत! आणि समोर कोण? पावस. आठजणी, डोक्यावर एकसारख्या पिवळ्या टोप्या, तोंडातून ब्र नाही. मनिषाला त्यांचा हेवा वाटला. संघ असावा तर असा.

तीन ओढींत दोन जिंकायच्या. पंचाने शिट्टी दिली.

आपल्या बायकांनी मनिषाने शिकवल्यासारखं केलं. तोंडं बंद, टाचा वाळूत रुतवलेल्या. आणि काय आश्चर्य, दोर यायला लागला! पावसवाल्या जरा बेसावध होत्या म्हणा, पण दोर इंचाइंचाने नाट्याकडे सरकत होता. गोदूबाई मागे मागे जात कोरड्या वाळूपर्यंत पोचली. आता दोनच हात राहिले होते.

आणि गोदूबाईने दोर सोडला.

नुसता सोडला नाही. सोडला, लुगड्याचा काचा खोचला आणि किनाऱ्यावरून सुसाट धावत पुढे आली. मासूमाच्याही पुढे गेली, मधली रेघ ओलांडली आणि पावसच्या पहिल्या बाईच्या नाकासमोर जाऊन दोर पकडला. पावसची बाई बघतच राहिली. मागचा आधार गेलेल्या नाट्याच्या सातजणी मात्र एकीवर एक अशा तोंडावर आपटल्या.

त्याचं असं, की रापण अशीच ओढतात. ओढत ओढत मागे सरकायचं, सगळ्यात मागची बाई वर कोरड्या वाळूत पोचली की तिने दोर सोडायचा, धावत खाली पाण्याशी जायचं आणि सगळ्यांच्या पुढे नव्याने दोर धरायचा. मग तिच्या पुढची मागे पोचते, तिनेही तेच करायचं. गोदूबाईच्या पायांनी जन्मभर हेच केलं होतं. पायाखाली कोरडी वाळू लागली आणि पाय धावले. डोक्याला कुणी विचारलंच नाही.

किनारा नुसता हसत होता. माणसं पोट धरून वाळूत लोळत होती. पंचाने हसू दाबत पावसच्या बाजूने हात वर केला.

नाट्याच्या बायका वाळू झटकत उठल्या. महरीन हळूच म्हणाली, "होतं असं, मावशी." दुसरी म्हणाली, "काय हरकत नाय." मासूमा दुसरीकडे बघत होती. गोदूबाई खाली मान घालून मनिषासमोर येऊन उभी राहिली. एवढी धिप्पाड बाई, पण एकदम एवढीशी दिसत होती.

"चुकलं माझं, मनिषाबाय," ती म्हणाली. "तुमी एवढं शिकवलंत नि मी तुमचं नाक कापलं. माफ करा. मी बसतंय बाजूला, दुसरी कोण तरी घ्या."

त्या 'माफ करा'ने मनिषाच्या काळजात कळ उठली. हरण्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं, पण सासू हात जोडते म्हणजे काय? आपण कोण लागून गेलो? आणि मग पाच वर्षांचं साठलेलं सगळं एकदम तोंडाशी आलं.

"माफ करा? कुणाला माफ करा? जल्लं तुमचं ते तुमी-तुमी!" मनिषा ओरडली. स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली, पण आता थांबणं हातात नव्हतं. "मी काय पाहुणी आहे? बांगडे भिजवले तरी एक शब्द बोलला नाहीत! मांजरांना शिव्या देता, बर्फवाल्याला देता, आणि मला देत नाही? त्या मांजराहून मी परकी आहे का हो तुम्हाला?"

गोदूबाईचं तोंड उघडंच राहिलं. पहिल्यांदा सावरली ती मासूमा.

"या अल्ला! हिला तोंड हाय!" ती म्हणाली. मग गर्रकन गोदूबाईकडे वळली, आणि इतके दिवस शिवलेले ओठ उसवले. "नि तू गो, भवाने! रापण समजलीस काय ही? धावली बघा, धावली! म्हातारपणी हरीण झालीस! माझं नाक फुटलं असतं म्हणजे?"

"तुझं नाक आधीच चपटं हाय!" गोदूबाईच्या तोंडून आपोआप निघालं. "नि तू पुढं उभी हायस ती कशाला, हवा खायला? मी येतंय ते दिसलं नाय? अडवायला काय झालं?"

"तुला अडवायची? सुटलेल्या रेड्याला कोण अडवतं?"

"मामी, तुम्ही माझ्या पायावर उभ्या आहात!" महरीन सासूवर ओरडली. मग मधल्या पाचजणींनीही तोंड उघडलं, आणि भाट्याच्या किनाऱ्यावर नाट्याचं बंदर अवतरलं. पंच धावत आला. पावसच्या पिवळ्या टोप्या एकमेकींना कोपरं मारून हसल्या. फुटला यांचा संघ, जिंकलो आपण.

मनिषालाही क्षणभर तसंच वाटलं. तिने शिट्टी तोंडाशी नेली. आणि तेवढ्यात तिने बघितलं, की भांडता भांडता आठही जणी आपापल्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या आहेत. कुणी सांगितलं नव्हतं. गोदूबाई मासूमाला उत्तर देत देत मागे गेली आणि दोर कमरेला टेकवून टाच रुतवत होती.

मनिषाने शिट्टी खिशात टाकली. "भांडा!" ती ओरडली. "थांबलात तर बघा! दोरावर भांडा!"

दुसरी ओढ सुरू झाली. "तुझी ती सुरमय," मासूमा ओरडली आणि आठजणींनी हिसका दिला. "परवाची होती!" दुसरा हिसका. "तुझ्या तोंडात," मागून गोदूबाई. हिसका. "माती पडो!" हिसका. मधल्या बायका आपापली उणीदुणी त्याच तालात काढत होत्या. पंचाला पुढच्या बाईची शिवी ऐकावी की मागचीचं उत्तर, हेच कळेना. पावसच्या बायका आधी हसल्या, मग त्यांचं हसू मावळलं, आणि मग त्या रेघेच्या अलीकडे आल्या.

आता कुठे मनिषाच्या डोक्यात उजेड पडला. दोर ओढताना मागे वळून बघता येत नाही. मागची आहे की गेली, जोर लावतेय की नुसती लटकलीय, हे कळायचं कसं? कानाने. ती ओरडतेय, म्हणजे ती आहे. तिच्या आवाजाला धार आहे, म्हणजे तिच्या हातात जोर आहे. मगाशी सगळ्या गप्प होत्या, म्हणून गोदूबाई निघाली हे कुणाला कळलंच नाही. आपणच या बायकांचे कान बंद केले होते. मनिषाला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिसरी ओढ. आता पावसवाल्या पेटल्या होत्या. दोर मध्यावर थांबला तो थांबलाच. इकडे ना तिकडे. मासूमाचा आवाज पुढून येत होता, पण चिरका झाला होता. आणि मागून काहीच येईना. गोदूबाई दमली होती. चेहरा लालबुंद, डोळे मिटलेले, दात आवळलेले, तोंडातून शब्द नाही. मागचा आवाज बंद झाला तशी पूर्ण रांग बावरली. दोर हळूहळू पावसकडे निघाला.

मनिषा धावत गोदूबाईच्या शेजारी गेली. हिला बोलतं करायला हवं, आत्ताच्या आत्ता. मासूमा तिकडे लांब. म्हणजे भांडायचं ते आपणच. पण कशावरून? मगाशी रागाच्या भरात सगळं बोलून झालं होतं. आता ऐन वेळी डोकं रिकामं! तिने डोळे मिटले आणि जे तोंडात आलं ते बोलली.

"तुमच्या कालवणाला चव नसते!"

खरं सांगायचं तर हे धादांत खोटं होतं. गोदूबाईच्या कालवणाला नाव ठेवायची नाट्यात कुणाची छाती नव्हती, आणि मनिषा तर ते बोटं चाटून खायची. पण बाण सुटला होता. गोदूबाईचा एक डोळा उघडला.

"मीठच नसतं त्यात!" मनिषाने दोन पावलं मागे सरकत आणखी भर घातली. "पाच वर्षं मी मागून गुपचूप घालते! विचारा नितेशना!"

दुसरा डोळाही उघडला. गोदूबाईच्या छातीतून असा आवाज निघाला की पावसची शेवटची बाईसुद्धा दचकली.

"काय म्हणालीस गो?" गोदूबाई गरजली. "माझ्या कालवणात मीठ नाय? सटवे! पोफळीच्या डोंगरात मासा बघितलेलास काय कधी? थांब, येतंय मी, थांब तू!"

आणि तिने सुनेकडे यायला मागे पाऊल टाकलं. दोर कमरेला होता, तो तिच्याबरोबर आला. दुसरं पाऊल टाकलं. मासूमाला पुढे फक्त आवाज ऐकू आला. "उठली गो म्हातारी!" ती किंचाळली, आणि आठजणी एका दमात मागे झाल्या. पिवळ्या टोप्या रेघ ओलांडून भराभर वाळूत पडल्या.

नाटे जिंकलं. ढोल वाजले, हारुनने आणलेले फटाके ओले निघाले, मासूमा आणि महरीन एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पावसच्या बायकांनी येऊन हात मिळवले आणि विचारलं, की तुमच्याकडे हे भांडण शिकवतं कोण. पण गोदूबाईला यातलं काही दिसतच नव्हतं. तिने कमरेचा दोर सोडला आणि सरळ मनिषासमोर येऊन ठाकली.

"कधी घातलंस मीठ? किती घातलंस? बोल की आता!"

मनिषाचे डोळे भरून आले होते. 'घातलंस.' 'बोल.' तिला हसूही येत होतं. "चिमूटभर," ती म्हणाली. "कधी कधी मूठभर."

"मूठभर! वाकडी मेली! माझा जन्म गेला चुलीपुढे, नि ही कालची पोर मला मीठ शिकवते!"

ढाल घ्यायला मासूमा गेली, कारण गोदूबाईला वेळ नव्हता. टेम्पोत बर्फाच्या पेट्यांवर बसून दोघींचं चालूच राहिलं. भिजलेले बांगडे निघाले. न मिटलेलं दार, करपलेली भाकरी, उशिरा उठलेली सकाळ, पाच वर्षांचं एकेक गोदूबाईने बाहेर काढलं. सगळं लक्षात ठेवलं होतं बाईने! पूर्णगडच्या पुलावर एकदा मनिषाच्या मनात आलं, की मिठाचं खोटं होतं हे सांगून टाकावं. पण मग भांडण मिटलं असतं. ती म्हणाली, "आणि आमसुलंही जास्त घालता तुम्ही." मासूमाने डोक्यावर हात मारला आणि महरीनच्या कानात काहीतरी सांगून खुदखुदली.

घरी पोचल्या तेव्हा दिवस मावळत होता. नितेश दारात उभा. त्याने आईचा चढलेला आवाज ऐकला आणि बायकोचे लाल डोळे बघितले. पाच वर्षांत या घरात असं कधी झालं नव्हतं. तो घाईघाईने दोघींच्या मधे आला.

"आई, अगो काय झालं? तिला कशाला ओरडतेस? ती..."

"ए, हो बाजूला!" गोदूबाईने त्याला हाताने सारलं. "तू नको मधे पडू. सासू-सुनेचं हाय, आमचं आमी बघू." आणि ती मनिषाकडे वळली. "तू काय बघत ऱ्हायलीस गो? कांदा काप. आज मीठ तूच घाल, बघूया तरी."